आत्याबाईंना दिलेलं ट्रेनिंग

माझ्या सासूला गोदामाच्या मॅनेजरने फसवलं. ज्या बाईने त्याच्या गोदामातल्या जागांना नावं दिली, तिलाच ती नावं आपण शिकवली, असा कागद त्याने केला. त्या कागदावर तिचा अंगठा आहे. अंगठ्याच्या शेजारी माझी सही आहे. ती कोणी जबरदस्तीने घेतलेली नाही. मी हसत केली, वर त्याच्या केबिनमध्ये चहा प्यायले.

हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कोणी मला बिचारी समजू नये.

मंगळवार होता. सकाळचे दहा. आमच्या चाकणच्या गोदामात रोज दहा वाजता उभ्याने मीटिंग होते. डॉकवर, म्हणजे ट्रक पाठीने येऊन लागतात त्या ओट्यावर, सगळे रांगेत उभे राहतात. माझ्या बावीस बायका होत्या. फोर्कलिफ्टवाले होते, सुपरवायझर होता, ऑफिसातले लोक होते. शटरबाहेर तीन-चार ड्रायव्हर तंबाखू मळत उभे होते.

मॅनेजरने आत्याबाईंना रांगेतून पुढे बोलावलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. वय पासष्टच्या पुढे. अंगात नऊवारी लुगडं, त्यावर कंपनीचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, पायात दोन नंबरने मोठे सेफ्टी शूज. मॅनेजरने त्यांना शटरजवळच्या पहिल्या रॅकसमोर उभं केलं आणि वर टांगलेल्या हिरव्या बोर्डाकडे बोट दाखवलं.

"आजी, वाचा. काय लिहिलंय?"

आत्याबाईंना वाचता येत नाही. हे त्याला माहीत होतं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलंच नाही. पायाखाली पाहिलं, मग शटरातून दिसणाऱ्या डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये चिंचेचं हाय."

"जागा नाही विचारली मी. वाचा म्हटलं."

"चिंचेचंच हाय, सायेब."

बोर्डावर लिहिलं होतं: खडकाळ.

कोणीतरी फिसकन हसलं. मग रांगच हसली. बाहेरून एक ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारीला चष्मा द्या राव कोणीतरी." मॅनेजर हसला नाही. तो असल्या वेळी हसत नाही, हीच त्याची हुशारी. त्याने ऑफिसातल्या मुलीला सांगितलं, फोटो घ्या, रिपोर्टला लागेल. वर बोर्ड आणि खाली आत्याबाई, असा फोटो.

फोटो काढतायत म्हटल्यावर आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी तिथेच होते. तीन पावलांवर. मी त्या वेळी काय बोलले ते सांगणार आहे. ते सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे. पण एकदम तोंडातून निघत नाही. आधी बाकीचं सांगते.

मी थेरगावची. आई-वडील लातूरकडून पोट भरायला आलेले. डांगे चौकाजवळ आई पथारी टाकून भाजी विकायची, मी शेजारी बसून मेथीच्या जुड्या बांधायची. भाव करायला मला आईने शिकवलं. ती म्हणायची, समोरचा पहिलं बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, आणि एकदा उघडलं की मिटायचं नाही. दुसरी इस्टेट आम्हाला नव्हती. गावाकडेही नव्हती. कोणी विचारलं तुमचं शेत कुठं, तर आई कोथिंबिरीवर पाणी मारायला लागायची.

लग्न होऊन चाकणजवळच्या गावात आले. आधी चाकणच्या बाजारात भाजी विकली. मग कामगारांचे डबे केले. मग आठ बायका गोळा करून गोदामांना कामाला पुरवायला लागले. लेबल चिकटवणं, बॉक्स फोडून माल वेगळा करणं, मोजून पुन्हा भरणं. आठाच्या बावीस झाल्या. कोणा पुढाऱ्याचा वशिला नाही, नवऱ्याची मदत नाही. तोंडाच्या जोरावर. गावात म्हणायचे, हिच्या नादी लागू नका, ही देवाशीसुद्धा घासाघीस करेल. मला ते आवडायचं.

हे गोदाम मिळालं तेव्हा मी पेढे वाटले. काम तसं सोपं आहे. शंभर लहान कारखान्यांतून गाड्यांचे सुटे भाग इथे येतात, रॅकवर राहतात आणि मोठ्या कंपनीला लागतील तसे दर दोन तासांनी ट्रकमधून जातात. कंपनी स्वतःकडे साठा ठेवत नाही. तिकडे गाडी पुढे सरकते तसा इकडून माल पोचला पाहिजे. चुकीचा गेला की तिकडची लाइन थांबते. लाइन थांबली की शिव्या वरून खाली येतात आणि सगळ्यात खाली माझ्या बायका असतात.

चुका व्हायच्या. कारण जागांचे पत्ते. सी-शून्य सात-शून्य तीन-बी. प्रत्येक कप्प्याला असा आकडा. कॉम्प्युटर म्हणायचा माल इथे आहे, तिथे जावं तर दुसराच. माझ्या अर्ध्या बायकांना ते इंग्रजी अक्षर कळायचं नाही. बी आणि डी सारखेच दिसायचे. मॅनेजर रोज बोलायचा. मी रोज बायकांवर ओरडायची.

आत्याबाईंना मी झाडलोटीला घेतलं होतं. बॉक्सवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून पडायच्या, त्या गोळा करायचं काम. घरी एकट्या बसून काय करणार, म्हणून. पहिल्या दिवशी त्या तीन नंबरच्या शटरात उभ्या राहिल्या. बाहेर डोंगर दिसतो. डोंगराची सोंड खाली उतरते तिथे पूर्वी ओढा होता, आता सिमेंटचा नाला आहे. त्यांनी डोंगर पाहिला, नाला पाहिला, चार पावलं मागे आल्या आणि फरशीवर खराट्याचा दांडा टेकवून म्हणाल्या, "आगं, ह्ये तर आपलं चिंचेचं."

आमची जमीन एमआयडीसीत गेलेली. मी सून म्हणून यायच्या आधी. कुठून कुठवर होती ते मला कोणी दाखवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी आत्याबाईंनी मला सगळं गोदाम चालून दाखवलं. हे चिंचेचं, त्या खांबापर्यंत. पुढे लवण, म्हणजे खोलगट वावर, पावसाळ्यात पाणी धरायचं. मग म्हसोबाचं. मग नवसाचं, माझ्या थोरल्या दिराच्या जन्माच्या वेळी नवस बोललेलं. मग खडकाळ. आणि शेवटी, जिथे खराब निघालेला, परत आलेला माल ठेवायचे, तिथे उभ्या राहून त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी विचारलं काय झालं. म्हणाल्या, ह्ये भांडणाचं. दोन चुलत्यांनी बांधावरून तीस वर्षं कोर्टात घातली, तो तुकडा. कंपनीला कसं कळलं, भांडणाचा माल हितं ठेवायचा?

दुपारच्या डब्यापर्यंत ते सगळ्या बायकांत पसरलं. बहुतेक आमच्याच गावच्या. तरुणपणी त्याच वावरांत खुरपायला गेलेल्या. एक म्हणाली, मला बी-डी सांगू नका, म्हसोबाच्यात ठेव म्हणा, डोळे मिटून ठेवीन. दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू झालं. क्लचच्या प्लेटा लवणात. वायरींचे बॉक्स नवसाच्यात. ज्या दोन-तीन बायका बाहेरच्या होत्या त्यांनाही आठवड्यात पाठ झालं, कारण प्रत्येक नावाला गोष्ट होती आणि आत्याबाई ती सांगायच्या. खराट्यावरून त्यांना हातगाडीवर घेतलं. लहान बॉक्स जागच्या जागी लावायला त्यांच्याइतकं चोख कोणी नव्हतं.

चुका थांबल्या. कमी झाल्या असं नाही. थांबल्या.

मॅनेजर आधी हसला होता. ताई, हे वेअरहाऊस आहे, यात्रा नाही, असं म्हणाला होता. दोन महिने एकही चूक निघाली नाही, तेव्हा त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. नावं पद्धतशीर बोर्डावर लिहून घेऊ म्हणाला, तुमची हरकत नाही ना?

मला वास आला की त्याला हे पाहिजे आहे. मग मी भाव केला.

गोदामात बायकांचं बाथरूम एकच. वरच्या मजल्यावर, ऑफिसच्या बायकांसाठी. दाराला कार्ड लावावं लागायचं. आमच्याकडे कार्ड नव्हतं. माझ्या बायका भिंतीमागे नाल्याकडे जायच्या. दोघीदोघींनी, एक जायची आणि एक राखण करायची. मी म्हटलं, नावं घ्या, पण खाली बायकांसाठी संडास बांधा, आतून कडी असलेला, पाण्याचा. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, बघू नका, बांधा, मग बोर्ड रंगवा. पंधरा दिवसांत बांधला. मी गावभर सांगत सुटले. वावरांच्या नुसत्या नावांवर संडास वसूल केला म्हणून. जी नावं माझी नव्हती, जी मला कालपर्यंत माहीत नव्हती, ती मी विकली आणि वर स्वतःला शहाणी समजले. आत्याबाईंना विचारलंसुद्धा नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं बया. बायकांची अब्रू ऱ्हाईली."

मग तो कागद आला.

इंग्रजीत होता. खाली रांगेने बायकांची नावं, त्यांच्यापुढे सह्या आणि अंगठे करायचे. शेवटी माझी सही. मी विचारलं, काय आहे? मॅनेजर म्हणाला, "तुमच्या लोकांना नवीन पद्धत माहीत आहे, एवढंच. फॉरमॅलिटी." मी दहावी शिकलेली बाई. कोथिंबिरीची जुडी उलटून पाहिल्याशिवाय घेत नाही. पण त्या दिवशी मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर केबिनमध्ये खुर्ची मिळाली होती, चहा मिळाला होता. सही केली. आत्याबाईंचा अंगठा मीच धरून शाईत बुडवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांमध्ये कायझेन नावाचा प्रकार असतो. कामात कोणी काही लहान सुधारणा केली की तिचा फॉर्म भरतात, आधी आणि नंतर असे फोटो लावतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. आमच्या मॅनेजरने नावांचा कायझेन भरला. स्वतःच्या नावावर. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बुधवारी मोठ्या कंपनीतले परीक्षक गोदाम बघायला येणार आहेत.

त्याच्या आधीच्या रविवारी, गोदामाला सुट्टी असताना, मॅनेजरच्या माणसांनी बोर्ड हलवले. आमच्या नावांना क्रम नाही असं कोणाला तरी वाटलं. जमिनीचा क्रम असतो हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी नावं बाराखडीच्या क्रमाने लावली. आधी ख, मग च, मग न. भांडणाचं हे नाव पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून ते काढून तिथे 'सहकार्य' लिहिलं. फोर्कलिफ्टने मालही बोर्डांप्रमाणे हलवला. डोंगर होता तिथेच. नाला होता तिथेच. आमची वावरं मात्र एका दिवसात इकडची तिकडे झाली.

आम्हाला कोणी कळवलं नाही. ना फोन, ना निरोप.

सोमवारी पहिल्या पाळीला बायका आल्या. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बोर्ड पाहिले आणि त्याप्रमाणे चालल्या. मी त्या सकाळी दुसऱ्या कामाला भोसरीत होते. सुपरवायझरने आत्याबाईंकडे आरशांचे बॉक्स दिले, उजव्या बाजूचे. म्हणाला, आजी, चिंचेच्यात. त्या चिंचेच्यात घेऊन गेल्या. खऱ्या चिंचेच्यात. जिथे त्यांच्या सासऱ्याने चिंच लावली होती तिथे. त्यावर आता खडकाळचा बोर्ड होता आणि तिथे डावे आरसे ठेवले होते. बॉक्स सारखेच, कोपऱ्यात फक्त एका अक्षराचा फरक.

दुपारी डाव्या आरशांच्या जागी उजवे आरसे गेले. लाइन थांबली.

त्यानंतरची मंगळवारची सकाळ मी सांगितली. आता राहिलेलं सांगते.

फोटो काढून झाल्यावर मॅनेजर माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, ताई, उद्या परीक्षक येणार आहेत, काय करायचं तुम्हीच सांगा. मला माहीत होतं बोर्ड हलवलेत. सोमवारी दुपारीच पाहिलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, बोर्ड चुकलाय, बाई नाही. माझं तोंड म्हणजे काय, ते सगळ्या तालुक्याला माहीत. पण माझ्या डोळ्यांपुढे बावीस बायकांचं काम होतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. तेही खोटं. माझ्या डोळ्यांपुढे ती केबिनमधली खुर्ची होती.

मी आत्याबाईंना म्हणाले, "कळत नाही तर मधे मधे कशाला करता? घरी बसा ना."

एवढंच. ज्या बाईने मला, बिनवावराच्या मुलीला, सहा वावरं दाखवली, तिला मी तिच्याच वावरात उभं राहून हे बोलले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्यांनी जाकीट काढलं, व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "घे बाई." आणि गेल्या.

घरी गेले तर चहा झाला होता. माझा झाकून ठेवला होता. त्या धान्य निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. बायकांच्या नव्या संडासाला त्या दिवशी कुलूप होतं, पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. मॅनेजर परीक्षकांना म्हणाला, हे लोक अशिक्षित आहेत, त्यांना आकडे कळत नाहीत, म्हणून मी त्यांना गावाकडची नावं दिली. मी दिली, म्हणाला. माझ्या बायका रांगेत उभ्या होत्या. कोणी बोललं नाही. मी बोलले नव्हते तर त्या कशाला बोलतील?

गोदामाला बक्षीस मिळालं.

आत्याबाई घरातलं सगळं करायच्या. बोलायच्याही. भाजीला मीठ कमी पडलं, शेजारणीची म्हैस व्यायली, सगळं. फक्त एक गोष्ट बंद झाली. माझी मुलगी आकुर्डीच्या कॉलेजात शिकते. आजीची फार लाडकी. एका रविवारी अंगणात केस विंचरून घेताना तिने सहज विचारलं, आजी, लवण कुठपर्यंत होतं गं आपलं? पूर्वी हे विचारलं की आत्याबाई काडीने जमिनीवर बांध ओढून दाखवायच्या.

त्या दिवशी त्यांचा फणीचा हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला न्हाई ठावं. बोर्डावर वाचून घे."

मुलीला वाटलं आजी चेष्टा करतेय. ती हसली. मी दारात तांदूळ घेऊन उभी होते. ताट तसंच खाली ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन पाण्याच्या टाकीला धरून उभी राहिले. माझ्या आईला शेत नव्हतं म्हणून ती बोलायची नाही. ह्यांना होतं. ते जमिनीवरून गेलं होतं तरी ह्यांच्या तोंडात होतं. तिथूनही गेलं, आणि ते सरकारने नेलं नाही. मी नेलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने दोन कागद पाठवले. सही करून परत द्या म्हणून निरोप. ह्या वेळी मी सही केली नाही. मुलीपुढे ठेवले. म्हटलं, अक्षर न् अक्षर वाचून मराठीत सांग.

पहिला होता लाइन थांबली त्या चुकीबद्दलचा रिपोर्ट. त्यात एकाखाली एक पाच चौकटी भरत का, का, असं विचारत जायचं असतं, म्हणजे मूळ कारण सापडतं म्हणे. लाइन का थांबली, तर चुकीचा माल गेला. तो का गेला, तर चुकीच्या जागी ठेवला. तिथे का ठेवला, तर बोर्ड वाचला नाही. का नाही वाचला, तर कामगाराला वाचता येत नाही. पाचव्या चौकटीत मूळ कारण: निरक्षर कामगार. शेजारी आत्याबाईंचा तो फोटो, पदर सारखा करतानाचा. आणि उपाय म्हणून लिहिलं होतं की वाचता न येणाऱ्या कामगारांना टप्प्याटप्प्याने कमी करावं. माझ्या बावीसपैकी नऊ जणी.

दुसरा कागद पुरावा म्हणून जोडला होता. माझी सही असलेला, जुना. मुलगी वाचता वाचता थांबली. म्हणाली, आई, ह्यात लिहिलंय की मॅनेजरने सगळ्यांना नावांच्या पद्धतीचं ट्रेनिंग दिलं. आजीलासुद्धा दिलं. आजीला कोणत्या रॅकचं नाव काय ते शिकवलं आणि तिला ते समजलं, असं लिहिलंय. तू सही केलीस हे खरं आहे म्हणून.

मी म्हटलं, हो, केली.

तिने कागद उलटा ठेवला.

आत्याबाई चुलीशी होत्या. त्यांनी ऐकलं असणार. भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी केबिनमध्ये गेले. बसले नाही. दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि विचारलं, नावं कोणाची? त्याने शांतपणे सांगितलं की कायझेन कंपनीच्या माणसाच्याच नावावर होतो. फॉर्ममध्ये तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा कंपनीतला नंबर, लागतो. "तुमच्या सासूबाईंना तिकीट नंबर आहे का?"

मी म्हटलं, "गट नंबर होता, साहेब. तुमची खुर्ची आत्ता त्याच्यावर आहे."

त्याने समजुतीचा आवाज काढला. ताई, तुम्ही व्यवहारी आहात, म्हणाला. रिपोर्ट कुठेतरी संपवावा लागतो. सही करा. त्या नऊ जणींना मी तूर्त हात लावत नाही. तळेगावच्या बाजूला नवीन गोदाम होतंय, तिथलं काम तुम्हालाच. आजींना पाहिजे तर शाल-श्रीफळ देऊ एखाद्या कार्यक्रमात, फोटो काढू.

आईने शिकवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं. नऊ बायका कायम. दोन गोदामं. कार्डाचं बाथरूम. अजून काय काय काढता आलं असतं, मला दिसत होतं. तो द्यायला तयार होता, त्याचा हात आखडलेला नव्हता. आयुष्यात इतका चांगला सौदा माझ्यापुढे कधी आला नव्हता.

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, मग काय पाहिजे ते बोला.

मी म्हटलं, बोर्ड हलवले ते लिहा. पहिल्या 'का'च्या वर लिहा, पाचव्याच्या खाली लिहा, कुठेही लिहा. रविवारी बोर्ड हलवले आणि बाईला सांगितलं नाही, असं लिहा. आणि हा ट्रेनिंगचा कागद खोटा आहे, असं लिहा. त्याखाली मी सही करते. माझ्या खोटेपणाचीही करते.

तो म्हणाला, असं कुठे असतं का.

महिनाअखेरीस माझं काम बंद झालं. सातारा रस्त्याच्या कुठल्यातरी मोठ्या एजन्सीला दिलं. नऊ जणी घरी बसल्या. बाकीच्यांतल्या सात एजन्सीकडे राहिल्या. त्यांना मी बोल लावत नाही, घरी चूल आहे. एक मला रस्त्यात भेटली, नजर चुकवून म्हणाली, वहिनी, आता आम्ही बोर्ड बघूनच चालतो. सहा जणी माझ्याबरोबर आल्या, त्यांच्यासाठी मी परत आठ बायकांच्या वेळेसारखी दारोदार हिंडते आहे. नवरा म्हणतो, एका शब्दासाठी सगळं घालवलंस. बरोबर आहे. एका शब्दासाठीच घालवलं. तो शब्द मी मंगळवारी बोलले असते तर इतका महाग पडला नसता.

मी आत्याबाईंपुढे जाऊन बसले एकदा. म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "व्हय." बाकी काही नाही. त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. तसं कोणी समजूही नये. मुलगी अजूनही विचारते, त्या अजूनही सांगत नाहीत. आमच्या गावात ती नावं सांगणारी त्यांची शेवटची पिढी आहे. उद्या त्या गेल्या तर त्या जमिनीवर राहील तो फक्त बाराखडीचा क्रम, आणि 'सहकार्य'.

म्हणून मी मराठीत अर्ज लिहिला आहे. त्यात मी माझी सही मागे घेतली आहे. स्पष्ट लिहिलं आहे की मी खोट्या कागदावर सही केली, ती माझी चूक. ह्या गोदामात नावांचं ट्रेनिंग कोणी कोणाला दिलं असेल, तर ते माझ्या सासूने दिलं, आणि मॅनेजरने ते घेतलं. अर्ज गोदामाच्या मालकाला गेला, मोठ्या कंपनीला गेला, बक्षीस देणाऱ्या परीक्षकांना गेला. तिन्हीकडून पोच आली. उत्तर आलं नाही. गेटवर गेले तर सिक्युरिटी म्हणते, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

असू देत. मी पुन्हा लिहीन, आणि परत येईन. मॅनेजरची बदली झाली तर जिथे झाली तिथे जाईन. मला काम नको, शाल नको, बक्षीस नको. एकच उत्तर पाहिजे, तेही लेखी, सहीनिशी. त्या रविवारी बोर्ड हलवायचा हुकूम कोणी दिला? त्या माणसाचं नाव लिहा. ज्या चौकटीत तुम्ही माझ्या आत्याबाईंना 'मूळ कारण' म्हणून बसवलंत, तिथून त्यांना उठवा आणि त्याचं नाव तिथे लिहा.

ह्याच्यात भाव होणार नाही.